खुले पाठ आणि कोसबाडची टेकडी

वसई-विरारच्या पट्ट्यात, विशेषेकरून नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील दाट वस्त्यांत आणि वालीव-गोखिवरे भागातील लहानमोठ्या कारखान्यांच्या आधाराने संसार थाटलेल्या कुटुंबांत, शिक्षणाचा विषय निघाला की ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हे शब्द बहुधा ऐकू येतातच. ज्याची शाळा आठवी-नववीत सुटली, जिचे लग्न दहावीच्या आधीच उरकण्यात आले, जो पोटापाण्यासाठी गाव सोडून आला आणि शाळा सोडल्याचा दाखला ज्याच्या ट्रंकेत घडी घातलेला तसाच राहून गेला, अशा सर्वांसाठी राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने हा एक दरवाजा ठेवलेला आहे. विहित मुदतीत फॉर्म भरावा, फी भरावी, नेमून दिलेल्या शाळेशी संपर्क ठेवावा आणि दहावीच्या वा बारावीच्या परीक्षेस खासगी विद्यार्थी म्हणून बसावे, इतका त्याचा सरळ व्यवहार आहे. आणि या सोयीने अनेकांचे अडलेले गाडे पुढे सरकले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा दरवाजा परीक्षेचा आहे. बीजगणित कोणी शिकवायचे, इंग्रजी पत्रलेखनातली चूक कोणी दाखवायची, दिवसपाळी करून आलेल्या माणसाने पुस्तक उघडून कोठे बसायचे, याविषयी तो फॉर्म मौन बाळगतो.

गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर जो दुसरा दरवाजा उघडला, त्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. अमेरिकेतील आणि आपल्याकडील नामांकित विद्यापीठांतले पाठ आज कोणालाही, कोणतीही अट न घालता, घरबसल्या आणि पैसा न मोजता ऐकता येतात. मात्र ते ऐकल्याचा पुरावा, त्याची परीक्षा आणि तिची मान्यता या गोष्टी त्या पाठाइतक्या सहज हाती लागत नाहीत. एका व्यवस्थेने परीक्षा मोकळी केली आणि शिकवणे ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडले. दुसरीने शिकवणे मोकळे केले आणि पुढचे सारे ज्याच्या त्याच्या चिकाटीवर सोपविले. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची चर्चा करताना या दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

परीक्षा आणि अध्यापन यांची ही फारकत काही आजची नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरच्या, म्हणजे कोणत्याही संलग्न महाविद्यालयात न शिकणाऱ्या उमेदवारांना खुल्या केल्या. आणि त्याच लंडनच्या नमुन्यावर १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभी केवळ परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था होती, शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे होते. बहिःस्थ विद्यार्थी हा प्राणी आपल्याकडे जुन्या काळापासून ओळखीचा आहे. त्याच्यासाठी अध्यापनाचीही काही तजवीज असावी हा विचार पुढे आला तो पुष्कळ उशिरा, आणि महाराष्ट्रात त्याला पूर्ण रूप आले ते १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. पारंपरिक विद्यापीठाच्या चाकोरीतून आलेल्या या गृहस्थांनी मुक्त शिक्षणाकडे दुय्यम दर्जाची सोय म्हणून पाहिले नाही, ही गोष्ट मला नेहमी विशेष वाटत आली आहे. स्वतः वाचून समजेल अशा रीतीने लिहिलेली पुस्तके, गावोगावच्या महाविद्यालयांत उघडलेली अभ्यासकेंद्रे, सुटीच्या दिवशी भरणारी संपर्कसत्रे आणि शेवटी परीक्षा, असा त्या विद्यापीठाचा घाट होता. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य असले तरी ती गंगा घरोघरी पोचविण्यासाठी मधे एखाद्या अभ्यासकेंद्राचा घाट बांधावा लागतो, याची जाण त्या रचनेत होती.

इंटरनेटवरच्या खुल्या पाठांची कहाणी सुरू होते ती २००१ च्या एप्रिलमध्ये, जेव्हा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेने आपल्या जवळजवळ सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य विनामूल्य प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. त्या काळी अनेक विद्यापीठे इंटरनेटवर शिक्षण विकून श्रीमंत होण्याची स्वप्ने पाहत असता या संस्थेने ते वाटून टाकावे, याचे लोकांना नवल वाटले. एक बारकावा मात्र ध्यानात घेतला पाहिजे. एखादा पाठ पैसे न देता पाहता येतो, तेवढ्याने तो खुला होत नाही. त्याची प्रत काढण्याचा, तो भाषांतरित करण्याचा, आपल्या गावच्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करून पुन्हा वाटण्याचा अधिकार वाचकाला दिलेला असला, म्हणजे तो खुला होतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाने ओळखले जाणारे परवाने याच अधिकारांची नोंद करणारे दस्तऐवज आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा असतो. कारण परका पाठ वर्गात जसाच्या तसा दाखविणे आणि त्याचे आपल्या भाषेत, आपली उदाहरणे घालून नवे रूप करणे, यांत अंतर आहे.

पुढचा मोठा टप्पा २०११ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला, तेव्हा सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नाव नोंदविले. या एका प्रयोगाने सारे वातावरण तापले. २०१२ मध्ये कोर्सेरा, उडॅसिटी, एडएक्स ही नावे सर्वतोमुखी झाली आणि महाविद्यालयांच्या इमारती आता ओस पडणार, असे भाकीत करणाऱ्यांना चांगलाच भाव आला. भाकीत खोटे ठरले.

आपल्या देशात त्याआधीच, २००३ पासून, सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल नावाचा उपक्रम सुरू केला होता. अभियांत्रिकीचे चांगले अध्यापक थोडे आणि महाविद्यालये उदंड, या विषमतेवर उतारा म्हणून आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करून सर्वांस उपलब्ध करून द्यावी, ही त्यामागची साधी कल्पना. २०१४ पासून त्याला साप्ताहिक स्वाध्याय आणि देखरेखीखालील परीक्षा जोडली गेली. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले आणि शालेय इयत्तांपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतचे अभ्यासक्रम एका छत्राखाली आले. स्वयम् वरील प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे असतात: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारण्याची जागा. शिकण्यास पैसा पडत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर फी भरून प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. एनपीटेलमध्ये अंतिम गुणांपैकी पंचवीस टक्के स्वाध्यायांचे आणि पंचाहत्तर टक्के परीक्षेचे धरतात, ही वाटणीच सांगते की यंत्रावर सोडविलेल्या प्रश्नांवर विश्वास किती ठेवावा याचा हिशेब चालकांनी आधीच करून ठेवला आहे.

वसई-विरारच्या तरुणाला यातून काय मिळू शकते, याचा विचार करताना आधी त्याच्या दिवसाचा विचार केला पाहिजे. विरारहून मुंबईच्या दिशेने उपनगरी गाडी पहिल्यांदा धावली ती १८६७ च्या एप्रिलमध्ये, आणि तेव्हापासून या भागाचे जीवन रुळांना बांधले गेले. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर. जाण्यायेण्यात रोजचे तीन तास सहज जातात, आणि त्यांतला बराचसा वेळ एका हाताने वरची कडी धरून उभे राहण्यात जातो. अशा माणसाला संध्याकाळच्या वर्गाला वेळेवर पोचणे बहुधा अशक्यच. त्याला पहाटे पाच वाजता किंवा रात्री अकराला, जेव्हा डोळे उघडे असतील तेव्हा, पॉवरलूमच्या मोटारीचे किंवा जमाखर्चाच्या नोंदीचे तत्त्व चांगल्या अध्यापकाच्या तोंडून ऐकता यावे, न समजल्यास तेच वाक्य तीनदा ऐकता यावे आणि त्यासाठी कोणापुढे ओशाळवाणे व्हावे लागू नये, ही लहानसहान देणगी नव्हे. वर्गात तिसऱ्यांदा शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे अध्यापक आणि सहाध्यायी कोणत्या नजरेने पाहतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या देणगीची किंमत सांगावी लागत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्यांनाही लाभ आहेच. आपल्या महाविद्यालयात जो विषय शिकविणारा अध्यापक नाही, तो विषय बाहेरच्या उत्तम अध्यापकाकडून शिकून त्याचे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत एकूण श्रेयांकांच्या वीस टक्क्यांपर्यंत केली आणि २०२१ मध्ये ती मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली.

आश्वासन असे भरघोस आहे. आता अनुभव काय सांगतो ते पाहू.

हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांचा अनेक वर्षांचा तपशील तपासून जस्टिन राइश आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो या चळवळीच्या पुरस्कर्त्यांना विचारात पाडणारा होता. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडून पाहिला नव्हता, आणि २०१७-१८ या वर्षी तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के होते. या आकड्यावरून खुल्या शिक्षणाची थट्टा करणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ती केलीही. पण ती मला न्याय्य वाटत नाही. वाचनालयात येऊन जाडजूड ग्रंथातले एकच प्रकरण वाचून निघून जाणाऱ्या वाचकाला नापास ठरविण्याचा अधिकार जसा ग्रंथपालाला नाही, तसाच एक पाठ ऐकून समाधानाने उठून जाणाऱ्याला गळती या सदरात टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांना पूर्ण शिकायचे होते आणि तरीही जे मधेच सुटले, त्यांचा प्रश्न मात्र खरा आहे; आणि त्याच पाहणीतला दुसरा एक आकडा त्या प्रश्नावर प्रकाश टाकतो. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांपैकी सेहेचाळीस टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता.

पैसे भरल्याने बुद्धी वाढत नाही, हे उघड आहे. मग हा फरक कशाने पडतो? याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेला जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या गल्लीतल्या एमएस-सीआयटीच्या पाटीखाली क्षणभर थांबले तरी पुरे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा संगणकसाक्षरतेचा अभ्यासक्रम मोफत कधीच नव्हता, आणि त्यात शिकविल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी पुढे इंटरनेटवर फुकट मिळू लागल्या. तरीही लक्षावधी मराठी माणसांनी फी भरून तो केला आणि बहुतेकांनी तो पुरा केला. कारण ते प्रमाणपत्र राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी लागते, परीक्षेची तारीख ठरलेली असते, केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि संगणक हट्टाला पेटून बसला की शेजारी येऊन उभे राहणारे एक माणूस तेथे असते. संगणकापुढे पहिल्यांदा बसणाऱ्या पन्नाशीच्या कारकुनाला त्या शेजारच्या माणसाचा जो आधार वाटला, तो कोणत्याही चित्रफितीने दिला नसता. अभ्यासक्रम म्हणून एमएस-सीआयटी थोर होता असे मी म्हणणार नाही, त्यात पाठांतराचा भागही बराच असे; परंतु मान्यता, मुदत आणि माणूस या तिन्हींची सोय त्यात एकत्र झाली होती. उलट बाजूचा दाखला कॅलिफोर्नियातला आहे: २०१३ मध्ये सॅन होजे येथील राज्य विद्यापीठाने उडॅसिटीच्या साह्याने गणिताचे ऑनलाइन वर्ग चालवून पाहिले, पहिल्याच सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण इतके घसरले की काही महिन्यांतच प्रयोग स्थगित करावा लागला. ज्यांना आधाराची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी आधार आला होता.

या सर्व चर्चेत ज्या एका जागेची आठवण आवर्जून व्हावी, ती याच पालघर जिल्ह्यात आहे, आणि तिचा इंटरनेटशी काडीचाही संबंध नाही. डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी ती हीच. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत अग्रभागी असलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ च्या अखेरीस बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. बोर्डीला बालवाडी उघडली, ती सर्वांना खुली होती, फी नव्हती, आणि तरीही वस्तीतली गरीब मुले येत नव्हती. येत नाहीत याचे कारण आईबापांच्या अज्ञानावर ढकलून मोकळे होणे त्या काळच्या सुशिक्षितांना सोयीचे होते. या दोघींनी तसे केले नाही. मुले येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरविले, आणि त्यातून अंगणवाडी जन्माला आली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हे नाव देशभर गेले.

कोसबाडला प्रश्न आणखी अवघड होता. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरे राखीत. शाळेच्या वेळात ती माळावर असत. तेव्हा शिक्षकच माळावर जाऊ लागले आणि कुरणशाळा भरू लागली. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. थोरल्या मुलीला धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसावे लागते म्हणून ती शाळेत येऊ शकत नाही, असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. शिकणाऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे शाळेने आपले वेळापत्रक बदलायचे, हे मुक्त शिक्षणाचे आद्य तत्त्व या टेकडीवर, विद्यापीठे त्याचा उच्चार करू लागण्याच्या पुष्कळ आधी, आचरणात आलेले होते. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची प्रशस्ती करताना आपण ज्या शब्दांत बोलतो, कोठेही, केव्हाही, कोणालाही, ते सर्व शब्द कुरणशाळेला तंतोतंत लागू पडतात. फरक एवढाच, आणि माझ्या मते सारा फरक एवढ्यातच आहे, की ताराबाई-अनुताईंची शाळा जेव्हा अंगणात किंवा माळावर गेली तेव्हा तिच्याबरोबर शिक्षिका चालत गेली. आपण पाठ पाठविला आणि शिक्षकाला मागे ठेवले.

इतिहासाचा थोडा मोह मला येथे आवरत नाही. नालासोपाऱ्याला, म्हणजे प्राचीन शूर्पारकाला, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या आठव्या लेखात सम्राट सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रा करीत, आपण मात्र धर्मयात्रा करतो. तीत जनपदातील लोकांना भेटतो, त्यांना उपदेश करतो आणि त्यांच्याशी धर्माविषयी प्रश्नोत्तरे करतो. लेख लोकांच्या प्राकृतात होता आणि मोठ्या वर्दळीच्या बंदरावर कोरला गेला होता, तेव्हा खुल्या प्रकाशनाचा तो एक उत्तम नमुनाच म्हणायचा. परंतु नुसते कोरून ठेवून सम्राटाचे समाधान झाले नव्हते, हे त्यातल्या भेटीगाठींच्या आणि प्रश्नोत्तरांच्या उल्लेखावरून दिसते.

लोकभाषेचा हा मुद्दा आज अधिकच टोकदार झाला आहे. उच्च शिक्षणाचे बहुतांश खुले पाठ इंग्रजीत आहेत. त्यांना मराठी उपशीर्षके जोडण्याचे काम चालू आहे, आणि यंत्राकडून होणारी भाषांतरे दिवसेंदिवस सुधारतही आहेत, तरी त्या भाषांतरांतून शिकताना विद्यार्थ्याला विषयाशी आणि वाक्याशी एकाच वेळी झगडावे लागते. या बाबतीत मुंबई आयआयटीतून प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी चालविलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम अधिक विचारपूर्वक रचलेला आहे. त्यातील पाठ सुमारे दहा मिनिटांचे. पडद्यावर काय होते ते दिसत असते आणि समजावणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवडता येतो. ऐकता ऐकता तीच कृती शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायची, असा त्याचा दंडक आहे. आरंभी संगणकप्रणालींपुरता असलेला हा प्रपंच पुढे मातांच्या आणि बालकांच्या पोषणासारख्या विषयांपर्यंत गेला. पाठ एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात, आणि परवाना खुला असल्याने कोणालाही वाटता येतात. मराठी विश्वकोशासारखा प्रचंड ग्रंथराज आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, बालभारतीची पुस्तके उतरवून घेता येतात, पुस्तकांतील चौकोनी चिन्हांवर मोबाइल धरला की ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक मंचावरील पाठ उघडतात, म्हणजे शालेय पातळीवर मराठीत काही नाही, अशी तक्रार आज कोणी करू नये. बारावीच्या पुढे मात्र वाट एकदम अरुंद होते. २०२१ मध्ये मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्याची परवानगी पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाला मिळाली, तेव्हा ती बातमी ठरावी, यातच परिस्थिती कळते.

साधनांच्या विषमतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचाहत्तराव्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातील शहरी घरांपैकी बेचाळीस टक्के आणि ग्रामीण घरांपैकी सुमारे पंधरा टक्के घरांत इंटरनेटची सोय असल्याचे आढळले. संगणक तर ग्रामीण घरांपैकी शेकडा चार-पाचांतच होता. त्यानंतर मोबाइल झपाट्याने पसरला. तरीही मोबाइल घरात असणे आणि तो घरातल्या मुलीच्या हाती दोन तास निर्वेधपणे असणे, या निराळ्या गोष्टी आहेत. आणि पाच इंचांच्या काचेवर व्याख्यान ऐकता आले तरी प्रबंध लिहिता येत नाही किंवा यंत्राचा आराखडा काढता येत नाही. पालघर जिल्ह्यात तर किनाऱ्यालगतची वसई आणि डोंगरातली जव्हार-मोखाड्याची पाडे-वस्ती यांत एका जिल्ह्याचे म्हणून काही साम्य शोधावे लागते.

खर्चाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. व्याख्यान चित्रित करणारे, स्वाध्याय तपासणारे, शंकांना उत्तरे देणारे, यांचा मेहनताना कोणीतरी देतच असते. अमेरिकेत हा भार बाजारावर टाकला गेला. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी ना-नफा तत्त्वावर काढलेले एडएक्स २०२१ मध्ये ऐंशी कोटी डॉलरना टूयू नावाच्या कंपनीला विकले गेले, आणि तीच कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेती झाली. आरंभी ज्या गोष्टी मुक्तहस्ते दिल्या गेल्या, त्यांतल्या अनेकांपुढे हळूहळू फीचे फाटक उभे राहिले. आपल्याकडे हा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, आणि तो तसाच व्हावा असे मला वाटते. मात्र तिजोरीतला पैसा व्याख्याने निर्माण करण्याकडे जितका सहज वळतो, तितका ती व्याख्याने ऐकणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाकडे वळत नाही. व्याख्यानांची संख्या अहवालात शोभून दिसते. शेजारी बसण्याला रकाना नसतो.

वस्तुतः तो रकाना उघडण्याचे प्रयोग झालेले आहेत. मुंबई आयआयटीचे प्रा. दीपक फाटक यांनी देशभरातील हजारो महाविद्यालयीन अध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्याचा जो उद्योग केला, त्यात व्याख्यान पवईहून होई, परंतु ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत केंद्रे असत आणि तेथला समन्वयक उपस्थितांच्या प्रात्यक्षिकांकडे लक्ष देई. स्वयम् चे श्रेयांक स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांतही अशा मार्गदर्शक अध्यापकाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मात्र हे काम पुष्कळदा एखाद्या तरुण अध्यापकाच्या अंगावर, त्याच्या नेहमीच्या तासांत काहीही घट न करता, टाकले जाते; आणि दुसरीकडे, चाळीस टक्के श्रेयांक बाहेरून येणार असतील तर रिक्त जागा भरण्याची घाई कशाला, असा हिशेब संस्थाचालकांच्या मनात येत नसेलच, असे खात्रीने म्हणवत नाही. आयआयटीचा पाठ हा स्थानिक अध्यापकाच्या हाती दिलेले साधन आहे की त्याच्या जागी आणलेला बदली कामगार आहे, याचा निर्णय धोरणाच्या मसुद्यात होत नाही. तो महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आणि कार्यभाराच्या तक्त्यात होतो.

आणि शेवटी जागेचा प्रश्न. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले व्याख्याने यूट्यूबवर फुकट ऐकतात, परंतु महिन्याकाठी पैसे मोजून खासगी अभ्यासिकेत खुर्ची घेतात, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात दिसते आणि विरार-नालासोपाऱ्यातही ते नवे नाही. जेथे एका खोलीत चार-पाच माणसांचा संसार आणि एक दूरदर्शन संच असतो, तेथे दुर्मिळ काय आणि मुबलक काय, याचे मूल्यमापन बाजाराने अर्थशास्त्राच्या नियमाला धरूनच केले आहे: जगातल्या उत्तम प्राध्यापकाचे व्याख्यान शून्य रुपये, आणि बसून ते ऐकण्यासाठी दिवा, पंखा व शांतता यांचे भाडे मात्र रोख. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून निर्माण झालेल्या, २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकसंख्या असलेल्या या महानगरात शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींना संध्याकाळनंतर कुलूप लागते. त्यांतल्या काही खोल्या रात्री दहापर्यंत उघड्या ठेवाव्या, तेथे इंटरनेटची जोडणी आणि दहा-वीस संगणक असावे, सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांपासून एनपीटेलच्या परीक्षार्थींपर्यंत सर्वांना तेथे बसता यावे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी स्थानिक महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकाने, रीतसर मानधन घेऊन, त्यांच्यात वावरावे, या योजनेस नव्या कायद्याची गरज नाही. इमारतीच्या चाव्या, पहारेकऱ्याचा जादा पगार, विजेचे बिल आणि त्या अध्यापकाचे मानधन, एवढ्या चार बाबींची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागेल.